समजला-साहेब

आमच्या जज्जसाहेबांची एक अट होती. हरलेल्या पक्षकाराने "समजला" असं स्वतःच्या तोंडाने म्हटल्याशिवाय ते निकालावर सही करत नसत.

ही अट कुठल्या कायद्यात बसत होती म्हणाल, तर कुठल्याच नाही. निकाल वाचायचा, सही ठोकायची आणि पुढचं प्रकरण पुकारायचं, ही सगळीकडची रीत. आमच्या गोंदियाच्या कोर्टात मात्र निकाल वाचून झाला की साहेब लेखणी खाली ठेवायचे, खुर्ची पुढे ओढायचे आणि जो कुणी हरला असेल त्याच्याकडे चष्म्यावरून बघत विचारायचे, "काय गा, समजला का नाई?" तो "नाई" म्हणाला, की कोटाच्या बाह्या वर सारून साहेब पहिल्यापासून समजावायला बसत. जिंकलेला पक्षकार तोवर कोपऱ्यात घाम पुसत उभा.

साहेबांचं खरं नाव एडविन क्रॅब्ट्री. हे नाव आमच्या भागात कुणाच्याच तोंडात मावलं नाही. बाजारात, टांग्याच्या अड्ड्यावर, नागरा गावच्या देवळापुढच्या पारावर सगळे त्यांना समजला-साहेबच म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं, आणि माझ्या मते आवडतही होतं.

मी त्यांचा दुभाषी. म्हणजे पगार त्या कामाचा घ्यायचो. साक्षीदार आमच्या भागातल्या झाडीबोलीत बोलणार, मी ते इंग्रजीत सांगणार, साहेब लिहून घेणार, असा नियम. पण साक्षीदाराचं वाक्य पुरं होण्याआधीच साहेबांची लेखणी चालू झालेली असे. विनोद झाला तर ते माझ्या आधी हसायचे, मग घसा खाकरून, चेहरा गंभीर करून माझ्याकडे बघायचे, आणि मी आपला तो शिळा विनोद इंग्रजीत वाढायचो. आमच्या कोर्टातले तिवारी वकील मला उघडच म्हणायचे, "भैया, आपकी नौकरी तो भगवान भरोसे चल रही है."

साहेब बोली शिकले होते ते एका बंडीवाल्याकडून, म्हणजे बैलगाडी हाकणाऱ्याकडून. तरुणपणी देवरीकडच्या जंगलात बंडीतून महिनेच्या महिने हिंडले होते. का हिंडले, ते कुणाला माहीत नव्हतं. शिकारीला गेले असतील, असं आम्ही धरून चालायचो, कारण साहेब लोक दुसऱ्या कशाला जंगलात जातात? पण बंडीवाला जे शिकवेल तेच येणार. नागपूरहून आलेला सुटाबुटातला बॅरिस्टर लांबलचक भाषण करू लागला, की साहेब त्याला बैलाला म्हणावं तसं म्हणायचे, "हो, हो, धीरे धीरे. कायले पळून राहिला?" बॅरिस्टर माझ्याकडे बघायचा. मी इंग्रजीत सांगायचो, की कोर्टाची विनंती आहे, आपण थोडं सावकाश बोलावं. "अहो-जाहो" ही गोष्ट बंडीवाल्याने शिकवलीच नव्हती, त्यामुळे साहेब मालगुजारापासून चपराशापर्यंत सगळ्यांना अरेतुरे करत. कुणाला राग यायचा नाही. आमच्याकडे घरच्या माणसालाच असं बोलतात.

जज्ज होण्याआधी साहेब नागपुरात वकिली करत, आणि ती चालली नाही. त्याचं कारण आमच्या बाररूममध्ये आवडीने सांगितलं जाई. म्हणे भर युक्तिवादात ते थांबायचे आणि म्हणायचे, "माझ्या विद्वान मित्रांचा एक चांगला मुद्दा मांडायचा राहून गेला आहे." मग तो मुद्दा स्वतःच इतका सुरेख मांडायचे, की त्यांचाच अशील हरायचा. असा वकील कोण घेणार? शेवटी सरकारने त्यांना उचलून जज्ज केलं. दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्या माणसाला ठेवायला तेवढी एकच जागा सरकारकडे होती.

सवय मात्र गेली नाही. सकाळी तलावाच्या पाळीवर फिरायला निघाले, की दोन्ही वकील साहेबांच्या पोटातून बाहेर यायचे. टोपी उजव्या हातात असली की अपील करणारा बोलतोय आणि डाव्या हातात गेली की उत्तर देणारा. आवाजसुद्धा वेगळे. पाण्याला आलेल्या बायांनी एकदा हे बघितलं आणि साहेबाला बाहेरचं लागलं म्हणून गावच्या पुजाऱ्याला घेऊन आल्या. पुजाऱ्याने लिंबू उतरवलं. साहेब शांतपणे उभे राहिले, उतरवून झाल्यावर त्याचे आभार मानले, आणि टोपी डाव्या हातात घेऊन पुढे चालू लागले.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. साहेब राहायला भंडाऱ्याला, पण दर महिन्याला काही दिवस आमच्याकडे येऊन बैठक भरवत. गांधीटोपी घालून कोर्टात यावं की नाही, यावर वकील मंडळींची भांडणं चालू होती, त्या काळातली ही गोष्ट. साहेब आले की कोर्टाबाहेर चहावाल्याची चंगळ असे. लोक नुसतं ऐकायला येत.

एकदा धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, मोहाच्या झाडासाठी दोघे भाऊ भांडत आले. थोरला हरला. साहेबांनी विचारलं, तर तो म्हणाला, "नाई समजला." साहेबांनी खडू मागवला, जमिनीवर दोघांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, काढल्या. मधला धुरा दाखवायला तिवारी वकिलांना आडवे हात पसरून उभं केलं आणि मोहाचं झाड म्हणून मला. मी दुभाषी, पण त्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत झाडच होतो. एवढं करून साहेबांनी विचारलं, "आता?" थोरला माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "झाड समजला. निकाल नाई समजला." शेवटी जिंकलेला धाकटाच कावला. "दादा, म्हन ना गा एकदाचा समजला. बैल सकारपासून उपाशी हायेत." बैलांचं नाव निघताच थोरल्याला समजलं. दोघे एकाच बंडीत बसून गावी गेले.

हे सगळं मी आज हसत सांगतो, पण साहेबांचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते सांगायला मला संकोच नाही. नोकरीला लागलो तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजायचो. एक म्हातारी साक्षीला उभी राहून रडत, मध्येच थांबत बराच वेळ बोलली. मी इंग्रजीत एका वाक्यात उरकलं. साहेबांनी लेखणी ठेवली. "बाई एवढी बोलली, आन तू एवढाच सांगतो? बाकीचा कोठी गेला?" त्यांनी मला बाईचं सगळं बोलणं पुन्हा सांगायला लावलं, रडली तेही, थांबली तेही. त्यानंतर मी कुणाचा शब्द खाल्ला नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत, मोठमोठ्या कोर्टांत, लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला तो त्या एका दिवसामुळे. आईबापांनंतर मी कुणाचा ऋणी असेन तर या माणसाचा.

आता जानकाबाईची गोष्ट.

जानकाबाई नागऱ्याच्या बाजूची. पोरबाळ नाही, नवरा गेलेला. तलावाखालची एक धानाची जमीन नवऱ्याच्या वेळेपासून तीच कसत होती. पण कागदोपत्री जमीन होती थोरल्या दिराची. दिराने भावाला तोंडी सांगितलं होतं, "तू कर आन तू खा." दोघे भाऊ होते तोवर कुणाला कागद आठवला नाही. दीर वारला, त्याला एकच मुलगी, आणि तिचा नवरा गोंदियात धान्याच्या अडतीवर कामाला. त्या जावयाला कागद आठवला. खालच्या कोर्टाने बाईची कीव करून तिच्या बाजूने निकाल दिला. जावयाने तिवारी वकिलांना धरून अपील केलं आणि ते साहेबांपुढे आलं.

साहेबांनी भादव्याच्या बैठकीत निकाल वाचला. कायदा जावयाच्या बाजूचा होता आणि साहेब कायद्याला चिमटाभरही वाकवत नसत. जमीन जावयाची. ताबाही त्याचा. जानकाबाई समोर उभी होती. काळीसावळी, काटक, पदर कमरेला खोचलेला, नुकतीच निंदणावरून आल्यासारखी. साहेबांनी विचारलं, "बाई, समजला का नाई?"

"नाई समजला."

साहेबांनी समजावलं. दीर, भाऊ, तोंडी बोलणं, कागद, मुलीचा वारसा. त्यांच्या परीने अगदी सोपं करून. बाईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाई समजला, साहेब. मी रोवना केलो, मी निंदन केलो, धान उभा हाये. आन त्याचा कसा?"

यावर साहेबांनी एक प्रश्न विचारला. "धान हलका का भारी?"

तिवारी वकील उठले. "हुजूर, इस सवाल का मुकदमे से क्या ताल्लुक?"

"तू बस," साहेब म्हणाले. "बाई, सांग."

"भारी, साहेब."

ज्यांच्या घरी धान नाही त्यांच्यासाठी सांगतो. हलका धान लवकर कापायला येतो. भारी धान येतो सगळ्यात शेवटी, दिवाळी आणि तिच्यामागून भरणारी मंडईची जत्रा उलटून गेल्यावर. निकालावर त्या दिवशी सही झाली असती, तर जावई ताबा घेणार, आणि उभं पीक त्याचं होणार. बाईचे वर्षाचे तांदूळ होते ते, दुसरं काही नव्हतं. मी धानवाल्याच्या घरचा. साहेबांनी "भारी" हा शब्द ऐकून मान डोलावली आणि बाईला समजलं नाही म्हणून पुढच्या बैठकीची तारीख घातली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी साहेबांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते आणि तो चांगलाच पुसला जाईपर्यंत पुसत राहिले.

आश्विनात बाई आली. "नाई समजला." साहेबांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून समजावलं. या खेपेला त्यांनी काम माझ्याकडे सोपवलं. "दुभाषी, तू सांग. सावकाश सांग." मी आयुष्यात इतकं सावकाश कधी बोललो नाही. वारसा म्हणजे काय हे सांगताना मी बाईच्या सासऱ्याच्या बापापासून सुरुवात केली. तिवारी वकील कपाळाला हात लावून बसले होते.

तिवारीजी माणूस वाईट नव्हते, पण पक्षकार त्यांच्या मानेवर बसला होता. त्यांनी स्वतःच बाईला समजवायचं ठरवलं. बाजारातून गरम जिलबी आणली, कोर्टाच्या पायरीवर तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "अम्मा, बस इतना कह दो, समझ गई. दो शब्द." जानकाबाईने जिलबी खाल्ली, उरलेली पानात बांधून घेतली, आणि वकिलांना म्हणाली, "तुमी मोठे मानूस. तुमचा बोलना तं साहेबापेक्षा बी समजत नाई मले." तिवारीजींनी वर तक्रार केली. वरून साहेबांना विचारणा झाली, की या प्रकरणी सही का रखडली आहे. साहेबांनी उत्तर पाठवलं: बाईला अद्याप समजलेलं नाही, समजावणे चालू आहे. त्या हिवाळ्यात नागपूरला वरच्या जागेवर जायची त्यांची पाळी होती. त्यांच्यामागून आलेला माणूस त्या जागी गेला. साहेब आमच्याकडेच राहिले. आम्हाला बरंच वाटलं, आणि त्यांना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही.

कार्तिकाच्या बैठकीत मात्र साहेबांचा जीव टांगणीला लागलेला दिसत होता. आभाळ भरून आलं होतं. कापायला आलेल्या भारी धानावर अवकाळी पाऊस पडला तर सगळं मातीत जातं. साहेब मध्येच उठून खिडकीशी जात आणि ढग बघत. बाईने "नाई समजला" म्हणताच त्यांनी मी तोंड उघडायच्या आधी पुढची तारीख लिहिली आणि हळूच विचारलं, "लोंबी पिकली का?"

"पिकली, साहेब. उद्यापासून कापना लावतो."

तिवारी वकील या वेळी उठले नाहीत. ते समोरच्या कागदात काहीतरी वाचत होते आणि कागद उलटा होता. पक्षकार त्यांच्या कानाशी लागून कुरकुरत होता, तर त्याला म्हणाले, "जमीन मिल रही है ना? फिर चुप बैठो."

पाऊस आला नाही.

मार्गशीर्षात जानकाबाई आली ती धुतलेलं लुगडं नेसून. पुकारा झाला. साहेबांनी नेहमीसारखा निकाल वाचला, लेखणी ठेवली, खुर्ची पुढे ओढली. विचारणार, एवढ्यात बाईच बोलली.

"समजला, साहेब. कापना झाला, चुरना झाला. धान घरी आला." आणि मग वर आणखी, "पयल्याच दिशी समजला होता."

कोर्टात कुणी हसलं नाही. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी लेखणी उचलली, सही केली, आणि तिची जमीन गेली. ती पुढे देवरीकडे बहिणीच्या आसऱ्याला राहायला गेली, वर्षाचे तांदूळ बरोबर घेऊन. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जावं लागलं नाही, एवढंच साहेबांना करता आलं आणि तेवढं त्यांनी केलं.

सही झाल्यावर पक्षकाराने निघायचं असतं. जानकाबाई निघेना. पुढे येऊन साहेबांच्या मेजाशी उभी राहिली.

"साहेब, एक इचारू का?"

"इचार."

"तुमी दर मानसाले इचारता, समजला का, समजला का. काऊन इचारता जी? दुसरा कोनताच साहेब नाई इचारत."

इतकी वर्षं आम्ही सगळे या गोष्टीवर हसत आलो होतो, पण हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. साहेबांनी लेखणी बाजूला ठेवली. मग त्यांनी बाईला सांगितलं, तिच्याच बोलीत, मेजावरच्या सहीकडे बघत.

"मी वकील होतो. नवा होतो. देवरीकडचा एक मानूस होता, खुनाचा खटला. त्याचा वकील मी. त्याची बोली मले येत नोहती, माझी त्याले येत नोहती. दुभाषी होता, तो अर्धा सांगे, अर्धा नाई. जज्जानं फाशी सांगतली, इंग्रजीत. तो मानूस माझ्या तोंडाकडे पाहून इचारत राहिला, का झाला साहेब, का झाला? मले सांगता नाई आला. शिपाई त्याले घेऊन गेले, तं तो मागं पाहून इचारूनच राहिला होता." साहेबांनी सहीवर टीपकागद दाबला. "त्यानं खून केला का नाई, ते बी मले आजपर्यंत नाई माहीत. त्याले इचारता आला नाई. मंग मी देवरीले गेलो, तुमची बोली शिकलो. पन उशीर झाला होता."

माझं काम होतं हे इंग्रजीत सांगणं. कुणाला सांगणार? सांगणारा आणि ऐकणारा इंग्रज एकच होता. तिवारी वकील उभे होते ते आवाज न करता खाली बसले.

जानकाबाई साहेबांकडे बघत होती. तिने पदर सावरला आणि म्हणाली, "साहेब, त्याले समजला असंल. तुमचा तोंड पाहूनच समजला असंल. आपल्यासाठी कोनाचा जीव तुटून राहिला, तेवढा मानसाले मरतानी बी समजते."

ती वळली आणि निघून गेली. साहेबांनी चष्मा काढून ठेवला. मग ते माझ्याकडे वळले आणि मला इंग्रजीत विचारलं, "बाई काय म्हणाली?"

त्यांना झाडीबोली माझ्याइतकीच कळत होती. मी उभा राहिलो आणि तिचं म्हणणं इंग्रजीत सांगितलं, एक शब्द न गाळता.

"पुन्हा सांग," साहेब म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, पण ते अजून माझ्याकडेच बघत होते, म्हणून मी आणखी एकदा सांगितलं.